ओळखीची गाणी, नवा पडदा



सिनेमाला आपण गोष्ट पाहायला जातो, असे म्हणतो. पण काही सिनेमे असे असतात की गोष्टीसाठी तिथे कोणी जात नाही. माणसे जातात ती गाण्यांसाठी, आणि गाणीही अशी, की तिकीट काढण्यापूर्वीच ती पाठ असतात. स्वीडनमधल्या ‘अॅबा’ या चौघा गायक-वादकांच्या मंडळीने १९७०च्या दशकात जगभर गाजवलेली गाणी घेऊन १९९९ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘मामा मिया!’ हे संगीत नाटक आले आणि २००८ साली त्याचा सिनेमा झाला. लग्न ठरलेली एक मुलगी आपला बाप कोण हे शोधण्यासाठी तिघांना लग्नाचे आमंत्रण धाडते, एवढीच त्यातली गोष्ट. ती गाण्यांच्या जवळजवळ पंचवीस वर्षांनंतर रचलेली. आधी गाणी, मग त्यांना जोडणारी कथा, असा हा उलटा संसार. लोकांनी तो डोक्यावर घेतला.

आपल्याकडच्या काही मंडळींना हा प्रकार नवा वाटतो. मला तो जुन्या ओळखीचा वाटतो. मराठी माणसाने अशी गाजलेली मंडळी आणि त्यांची पाठ असलेली गाणी इंग्रजी सिनेमाच्या कितीतरी आधी पाहिली आहेत. आपल्याकडे ‘मंडळी’ हा शब्दच त्यासाठी होता: किर्लोस्कर नाटक मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व नाटक मंडळी. त्यांची गाणी रंगमंचावरून पडद्यावर कशी आली, येताना काय सांडले आणि काय टिकले, आणि महाराष्ट्राच्या वेशीबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना त्याचे काय, एवढेच या लेखात मांडायचे आहे. मी धंद्याने होमिओपॅथ. संगीताचा अभ्यासक नाही. पण चाळीस वर्षे माणसांचे ऐकत बसलो आहे, आणि त्यात त्यांचे गुणगुणणेही आले.

प्रारंभ १८८०चा. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि पुढे दोन वर्षांत ‘सौभद्र’ आले. अण्णासाहेबांनी सगळ्या चाली स्वतः घडवल्या नव्हत्या. कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणीचा ठसका, कर्नाटकाकडच्या चाली, बायकांच्या तोंडची गाणी, असे लोकांच्या कानात बसलेले त्यांनी उचलले आणि त्यावर नवे शब्द बसवले. म्हणजे ओळखीच्या चालीवर नवी गोष्ट हा व्यवहार आपल्या संगीत नाटकाच्या जन्मापासूनचा आहे. तो कोणाला उसनवारी वाटला नाही. उलट पहिल्याच रात्री प्रेक्षकाला ते गाणे आपले वाटले, याचे कारण तेच.

आमच्या जैन घरांत हा व्यवहार फार जवळून दिसतो. दशलक्षण पर्वात मंदिरात म्हटली जाणारी भजने ऐका. शब्द तीर्थंकरांचे, वैराग्याचे. चाल मात्र कधी नाट्यपदाची, कधी रेडिओवर गाजलेल्या सिनेगीताची. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून मंदिरात बसलेल्या आजीबाईंना ती चाल मुळात कोणत्या प्रेमप्रसंगाची, याच्याशी कर्तव्य नसते. चाल तिची झालेली असते.

आता रंगमंचापासून पडद्याकडे येऊ. या दोहोंमधला पूल एकाच माणसाच्या चरित्रात सापडतो, तो म्हणजे गोविंदराव टेंबे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली टेंब्यांच्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांत टेंबे होते. आणि १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा त्याचे संगीत टेंब्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. मराठी सिनेमा बोलायला लागला तो नाटकवाल्यांच्या गळ्याने बोलायला लागला, असे म्हणायला हरकत नाही.

मग सगळ्यात मोठा गळा पडद्यावर येणे ओघानेच आले. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये व्ही. शांताराम यांनी बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत उभे केले. संगीत मास्टर कृष्णराव यांचे, तेही गंधर्व मंडळीतलेच. कागदावर यापेक्षा भक्कम जुळणी कोणती? पण बालगंधर्वांचे प्रभातशी नाते या एका चित्रपटापुरतेच राहिले. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ हा नाटकावरूनच उतरवलेला चित्रपट त्यांनी केला, त्यात ते पुन्हा स्त्रीवेषात होते; पण पडद्यावर त्यांचे राज्य काही उभे राहिले नाही.

का राहिले नाही? त्यांनी ज्या भूमिकांनी लोकांना वेड लावले त्या रुक्मिणीच्या, भामिनीच्या, सिंधूच्या. पुरुषवेषातले नाथ पाहायला प्रेक्षकाचा डोळा तयार नव्हता, हे एक. पण मला त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे दिसते. बालगंधर्वांचे पद हे दरवेळी नवे असायचे. ‘वन्समोअर’ ही आजच्यासारखी नुसती टाळी नव्हती, ती मागणी होती. तीच ओळ पुन्हा, पण निराळ्या वाटेने. म्हणून ती नाटके पहाटेपर्यंत चालत. गाणे अर्धे त्यांच्या गळ्यात आणि अर्धे समोर बसलेल्या माणसांत असे. कॅमेऱ्यासमोर समोरची माणसेच नसतात. आणि फिल्मच्या पट्टीला कितीही वेळा वन्समोअर द्या, ती तेच गाते.

नेमके पुढच्याच वर्षी, त्याच प्रभातने, याच्या उलटा अनुभव दिला. ‘संत तुकाराम’ १९३६च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. म्हणजे साहित्य पुष्कळसे तेच होते, जे ‘धर्मात्मा’त होते. फरक कुठे पडला?

फरक गाण्यांच्या मालकीत पडला. अभंग हा कधीच एका गवयाचा नव्हता. वारीत, भजनात, जात्यावर तो सगळ्यांच्या तोंडी होता. पागनीस गाताना उत्तम गातात, पण त्यांच्या गाण्यात ‘हे मलाच जमते’ असा भाव नाही. प्रेक्षकाला वाटते, हे मी पण म्हणतो. इथे वन्समोअरची गरज नाही, कारण प्रेक्षक मनातल्या मनात बरोबरीने म्हणतच असतो. आणि गंमत अशी, की या चित्रपटातले सगळ्यात गाजलेले, बीज आणि वृक्षाचा दृष्टांत देणारे गीत तुकोबांचे नाहीच; ते शांताराम आठवले यांनी लिहिले. आजही कितीतरी माणसे ते गाथेतले समजूनच म्हणतात. कवीच्या दृष्टीने हा अन्याय आहे, हे खरे. पण परंपरेत इतके मिसळून जाणे किती जणांना साधते?

या दोन चित्रपटांवरून मी एक ताळा बांधला आहे. तुम्ही तो तुमच्या आवडीच्या सिनेमाला लावून पाहा. गाणे जोवर गाणाऱ्याचे असते तोवर ते पडद्यावर कोमेजते. ते ऐकणाऱ्यांचे झाले की पडद्यावर फुलते.

आता अलीकडे येऊ. १९६७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे. त्या जुलैत बालगंधर्व गेले, आणि त्याच साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. या नाटकाविषयी आपल्या भागाने थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. तिथल्या रंजन कला मंदिराचे संस्थापक. खाँसाहेब आफताब हुसेन झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात अनेक वर्षे कारकुनी केली. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, ते गोव्याचे. निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. दोन घराण्यांच्या हेव्याची ही गोष्ट. आणि दोन घराणी म्हणजे गायकीच दोन. त्यामुळे या नाटकात पद हे कथेत घातलेले नसून पद हीच कथा आहे.

नंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षे या पदांनी काय केले? नागपूर आकाशवाणीवरून ती आपल्या घरात आली, मग कॅसेटवरून, मग गाण्याच्या स्पर्धांतून. नाटक ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांनाही ती येऊ लागली. म्हणजे ती वसंतरावांच्या गळ्यातून निघून हळूहळू लोकांची झाली. २०१५च्या नोव्हेंबरात सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट आणला तेव्हा फळ पिकलेले होते. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेबांसाठी गायले, अभिषेकींचे शिष्य महेश काळे सदाशिवसाठी, आणि शंकर महादेवन पंडितजी होऊन स्वतः पडद्यावर उभे राहिले. अभिषेकींच्या चालींबरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालीही आल्या.

तो सिनेमा आम्ही नागपूरला जाऊन पाहिला. रामपायलीला रेल्वे नाही. तुमसर-भंडाऱ्यावरून गाडीने गेलो. बरोबर माझा पुतण्या होता, पूर्ण शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठी फलक तो अजूनही अडखळत वाचतो. थिएटरात दुसऱ्या पदाला पाहतो तर तो सगळे शब्द हलक्या आवाजात म्हणत होता. त्याच्या आजीने कामे करताना म्हटलेले, तेवढेच त्याचे मराठी शिक्षण.

या सिनेमाविषयी दवाखान्यात मला बरेच दिवस एक प्रश्न येत राहिला. त्यात पंडितजींचा आवाज शेंदराने जातो. खरेच असे होते का? गवयाला शेंदूर चारला ही दंतकथा आपल्याकडे फार जुनी आहे, बऱ्याच गायकांच्या नावावर ती सांगतात. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. शिसे विषारी आहे, ते नसांना इजा करते, यात शंका नाही. पण हे विष सहसा अंगात साठत साठत काम करते. एका घासात नेमका गळाच निकामी करणे हे औषधशास्त्रापेक्षा नाट्यशास्त्राचे काम. मात्र देवाला लावलेला शेंदूर लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही, एवढी काळजी तुम्ही नक्की घ्या.

‘कट्यार’च्या आगेमागे आणखी दोन चित्रपट आले. २०११चा रवी जाधव यांचा ‘बालगंधर्व’, आणि २०२२ साली प्रदर्शित झालेला निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’. एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे, ‘कट्यार’साठी महेश काळे आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे, या तिघांनाही सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिन्ही चित्रपट नाट्यसंगीताच्या जुन्या ठेव्यावर उभे. ज्या परंपरेला आपण संपली म्हणून श्रद्धांजली वाहत होतो, तिच्या गळ्यांना देशाने दहा-अकरा वर्षांत तीनदा पहिला मान दिला. जानेवारी २०२५ मध्ये ‘मानापमान’ही पडद्यावर आले.

यावर जाणकारांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. तास-दोन तास रंगणारे गाणे सिनेमात चार मिनिटांचे होते. आलाप छाटला जातो, वन्समोअर उरत नाही. आम्ही होमिओपॅथ औषध विरळ करण्यालाच शक्ती वाढवणे म्हणतो, पण संगीताला तो नियम लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. चार मिनिटांचे पद हे चार मिनिटांचेच पद. दुसरी तक्रार इतिहासाची. गायकाच्या चरित्रावरचा सिनेमा त्याच्याभोवती प्रकाशझोत टाकतो आणि मंडळी अंधारात जाते: ऑर्गनवाला, सारंगिया, पदांच्या चाली देणारे, पडदे रंगवणारे, शंभर माणसांचा स्वयंपाक करणारे आचारी. नाटक मंडळी हा एक फिरता गाव होता. तो सिनेमात दिसला तर ओझरता दिसतो.

हे सगळे मान्य करूनही मी अशा सिनेमांच्या बाजूने उभा आहे. त्याचे कारण माझ्या धंद्यात आहे.

पक्षाघातानंतर काही रुग्णांची वाचा जाते. समोरच्याचे कळते, पण शब्द बाहेर येत नाही. अशांपैकी काही जण गाऊ मात्र शकतात. ‘पाणी’ हा शब्द ज्याला उच्चारता येत नाही तो लहानपणी पाठ केलेले पद शब्दांसकट म्हणतो. वैद्यकाला हे फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि गाण्याच्या आधाराने बोलणे परत आणण्याची उपचारपद्धतीही आहे. विस्मरणाच्या आजारातही असेच दिसते; घरच्यांची नावे विसरलेली म्हातारी माणसे जुनी गाणी अचूक म्हणतात. मेंदूविज्ञान माझा प्रांत नव्हे, पण असे रुग्ण आमच्या गावातही मी पाहिले आहेत. बोलणे आणि गाणे यांची कोठारे पूर्णपणे एक नाहीत, एवढे त्यावरून कळते.

आता हा प्रकार एका माणसाऐवजी एका जिल्ह्याला लावून पाहा. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून झाला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर. कोर्टकचेरी, शिक्षण, सोयरिक, बाजार, सगळे त्याच दिशेने. चंदन नदीकाठच्या आमच्या रामपायलीतले गढीसारखे राममंदिर नागपूरकर भोसल्यांची आठवण सांगत उभे आहे. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि राजधानी भोपाळ झाली. कोणी कोणाची भाषा हिसकावली नाही. शाळा हिंदी, अर्ज हिंदी, नोकरी हिंदी, एवढेच झाले. तिसऱ्या पिढीपर्यंत घरातले बोलणे पोवारी, हिंदी आणि मराठी यांच्या मिसळीवर आले आणि लिहिणे तर बहुतेक थांबलेच.

पण गाणे थांबले नाही. दिवाळीनंतर मंडया भरतात तेव्हा दंडार उभी राहते. वैनगंगेच्या पलीकडे झाडीपट्टीत आजही रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्यांचे ठाणे, आणि धान कापणी उरकली की शेतात मंडप पडतात. तिथे रेकॉर्ड लावून भागत नाही, गाणे समोरच व्हावे लागते. मुंबई-पुण्यात संगीत नाटक ओसरले असे आपण म्हणतो तेव्हा या प्रेक्षकांना मोजतच नाही. आमच्या गावातली माणसे सोयऱ्यांच्या गावी जाऊन ती नाटके पाहतात आणि येताना दोन-चार पदे घेऊन येतात.

म्हणून पुतण्याच्या ओठांवरचे ते पद मला इतके महत्त्वाचे वाटले. ज्या घराची मराठी वाचा अडखळते आहे ते घर अजून मराठी गाऊ शकते. गाण्याच्या आधाराने शब्द परत आणता येतात, हे रुग्णाच्या बाबतीत खरे असेल तर घराच्या बाबतीत ते करून पाहायला काय हरकत आहे? ओळखीच्या गाण्यांचा सिनेमा तिथे कामाला येतो. तो इतिहास शिकवत नाही, गायकी पुरती दाखवत नाही. पण आजी आणि नातू यांना एका बाकावर बसवतो आणि दोघांनाही तेच शब्द येतात, हे त्यांच्या लक्षात आणून देतो. पुढचे काम आपले. सिनेमा संपल्यावर पोराला सांगावे, की ही चाल अभिषेकींची, हे पद दारव्हेकरांचे, आणि ते दारव्हेकर आपल्या नागपूरचे. एका पदातला एक अवघड शब्द त्याला समजावून सांगावा. दर सिनेमामागे दहा शब्द आले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक काम आहे, ते या लेखाच्या वाचकांनीच करण्यासारखे. जुन्या नाटकांच्या आणि बोलपटांच्या पदांची छोटी पुस्तके पूर्वी नाट्यगृहाच्या दारात विकली जात. आपल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, वहीखात्यांच्या गाठोड्यांत ती अजून सापडतात. त्याबरोबर हाताने उतरवलेल्या पदांच्या वह्या, तबकड्यांची रिकामी पाकिटे, पेटीच्या शिकवणीची सरगम. वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. वहीत पदापुढे कोणाच्या हातची तारीख किंवा गावाचे नाव असेल तर तो आपल्या जिल्ह्याचा कागद आहे. बालाघाटच्या कोणत्या गावात कोणते पद कोणत्या साली पोहोचले होते, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले सापडणार नाही. रामपायलीला माझ्या दवाखान्यात कोणत्याही सकाळी अशी वही आणलीत तर तिच्या छायाप्रती काढून मूळ प्रत मी तुम्हाला त्याच दिवशी परत करीन. आणि आणताना घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना त्यातली पदे चालीवर म्हणता येत असतील त्यांनाही बरोबर आणावे. कारण वहीत शब्द आहेत, चाल अजून त्यांच्याजवळच आहे.